घरोघरी नेट लावावा

नगरपालिकेच्या हेडक्लार्कना सगळं ऑफिस पाठीमागे 'वेलांटी' म्हणायचं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मान्यही होतं. फक्त ती पहिली की दुसरी हे कुणी स्पष्ट करत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. अर्जावर निर्णय व्हायचा तेव्हा व्हायचा, आधी त्याचं शुद्धलेखन तपासलं जायचं. 'पाणि येत नाही' असा अर्ज आला की ते अर्जदाराला बोलावून घ्यायचे आणि समोर बसवून 'पाणी' करून घ्यायचे. नळाला पाणी येवो न येवो, अर्जात ते पूर्ण दाबाने यायचं.

त्यांचं घर टेकडीवरच्या वस्तीत होतं. फोन कंपनीची तार टेकडीच्या पायथ्यापर्यंत यायची, तिथल्या खांबाला दोन वेढे मारायची आणि दमल्यासारखी थांबायची. वर चढणं तिला परवडत नव्हतं. कंपनीच्या नकाशात मात्र सगळी टेकडी निळीशार होती आणि निळा रंग म्हणजे 'सेवा उपलब्ध'. वस्तीतले लोक विनंत्या करून थकले तेव्हा नगराध्यक्षांनी ठरवलं की पालिकेने स्वतःचं नेट घालायचं.

नगराध्यक्षांना गाव नुसतं 'बाई' म्हणायचं. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत भूमिती शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्याला नापास केलं होतं. सभागृहात त्या उभ्या राहिल्या की विरोधी पक्षसुद्धा नकळत पाठ सरळ करून बसायचा. ठराव एकमताने झाला. लिहिला अर्थातच वेलांटींनी.

नियम असा होता की पालिकेने असा ठराव जाहीर केला की महिनाभरात कंपनीने हरकत घ्यायची आणि मग वरून अधिकारी येऊन सुनावणी करणार. कंपनीने मुदतीत हरकत घेतली. अधिकाऱ्याला यायला मात्र बरेच महिने लागले. तोवर काम थांबवावं असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं आणि बाई फक्त लिहिलेलंच वाचायच्या. दिवाबत्ती खात्याच्या माणसांनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरून केबल ओढली आणि टेकडीवर घरोघर नेट आलं.

त्या नेटच्या पाठोपाठ वेलांटींची मुलगी घरी आली. ती एक्स-रे आणि स्कॅन वाचणारी डॉक्टर. तिच्या कामाला रोगी समोर लागत नाही, रोग्याच्या छातीचा फोटो पुरतो. मात्र हे फोटो भलतेच जड असतात, त्यांना तार दणकट लागते. म्हणून इतकी वर्षं ती मोठ्या शहरात एका खोलीत भाड्याने राहत होती. आता घरी बसून ती लांबलांबच्या दवाखान्यांचे फोटो वाचायची आणि जेवायला आईच्या हातचं असायचं. पूर्वी वेलांटी संध्याकाळी रेडिओवरच्या बातमीदाराच्या चुका काढायचे, ते त्यांनी बंद केलं. आता घरातच माणूस होतं.

"बाबा, रात्री मी झोपल्यावर नेट गेलं होतं का?"

"गेला होता."

"मग आलं कधी?"

"लगेच आला."

"गेलं म्हणायला काय जातं तुमचं?"

"लिंग जातं," वेलांटी शांतपणे म्हणायचे. "नेट हा मराठीतला जुना शब्द आहे. पुल्लिंगी. नेट लावला, नेट धरला, नेटाने काम केलं. हा तुमचा तारेतला नेट काल आलेला."

"सगळं जग 'नेट गेलं' म्हणतं."

"जग चुकतं."

"बंद करा दोघं," मुलीची आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "आला, गेला, परत आला. शेजारच्यांना वाटतं आपल्याकडे जावई येऊन-जाऊन असतो."

सुनावणी पालिकेच्या सभागृहात सुरू झाली. अधिकारी मधोमध बसले. एका बाजूला बाई, त्यांच्यामागे वेलांटी. दुसऱ्या बाजूला कंपनीचे मॅनेजर, ज्यांच्या दोन्ही हातांत दोन फोन होते, आणि कंपनीचे वकील, ज्यांच्या हातात काहीच नव्हतं. वकिलांचा आवाज मऊ होता आणि भाषा इतकी निर्मळ की वेलांटी शत्रुपक्षात असूनही पहिल्या पाच मिनिटांत विरघळले.

"संपूर्ण टेकडी आमच्या सेवाक्षेत्रात आहे," वकील म्हणाले. "जिथे सेवा उपलब्ध आहे तिथे पालिकेने जनतेच्या पैशातून दुकान थाटावं, हे नियमाला धरून नाही."

"टेकडीवरचं तुमचं एक गिऱ्हाईक दाखवा," बाई म्हणाल्या.

"संभाव्य गिऱ्हाइकं आहेत."

"कोण?"

"सगळेच."

"म्हणजे तुमच्या संभाव्य गिऱ्हाइकांना पालिकेने खरंखुरं नेट दिलं, त्यामुळे तुमचं संभाव्य नुकसान झालं."

"आपण माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत, बाई."

अधिकारी दोघांकडे पाहत होते. सेवा उपलब्ध म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मॅनेजर म्हणाले, मागेल त्याला मिळते. अधिकारी म्हणाले, मग मागा. मॅनेजरना प्रश्न कळला नाही.

"तुमच्या कंपनीला फोन लावा. स्पीकरवर टाका. आणि टेकडीवरच्या एखाद्या घरासाठी नेट मागा."

मॅनेजरनी दोन्ही फोनांकडे पाहिलं आणि त्यातल्या त्यात कमी धोक्याचा निवडला. बराच वेळ संगीत वाजलं. सभागृहातले काहीजण पायाने ठेका धरू लागले. मग एका मुलीचा प्रसन्न आवाज आला. मॅनेजरनी वेलांटींच्या घराचा पत्ता सांगितला.

"सॉरी सर, त्या भागात आपली लाइन नाहीये," मुलगी म्हणाली. "तिकडे नगरपालिकेचं आहे सर. चांगलं आहे म्हणतात. ते घेऊन बघा ना."

मॅनेजरनी फोन बंद केला. मुलगी मनापासून मदत करत होती, हेच त्यांना जास्त लागलं.

कुणी दुसरा वकील असता तर कागद चाळायला लागला असता. हे उठले ते जणू आता मूळ विषयाला हात घालायचा म्हणून.

"साहेब, आतापर्यंतची सगळी चर्चा गैरलागू आहे. माझीही. कारण पालिकेचा ठराव इंटरनेटचा नाहीच." त्यांनी ठरावाची प्रत घेतली आणि एखादी कविता वाचावी तशी वाचली. "'नागरिकांच्या सोयीसाठी नगरपालिकेने टेकडीवरील वस्तीत घरोघरी नेट लावावा.' लावावा. आपण बोलताना काय म्हणतो? नेट गेलं, नेट आलं, नेट रडतंय. इंटरनेट या अर्थाचं नेट नपुंसकलिंगी असतं. ते लावावं लागतं, नाहीतर लावावे. 'लावावा' जो असतो तो नेट म्हणजे जोर, निकराचा प्रयत्न." त्यांनी बॅगेतून शब्दकोश काढला. खूण आधीच घातलेली होती. "तेव्हा पालिकेने टेकडीवर घरोघरी जाऊन जोर लावावा, असा हा ठराव आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही. अत्यंत स्तुत्य ठराव. कंपनीचा अशा प्रयत्नाला विरोध असण्याचं काहीच कारण नाही. पण मग इंटरनेटच्या तारेला ठरावाचा आधार उरत नाही. ती उतरवण्याचा आदेश व्हावा."

सभागृहातल्या एकूण एक मान वेलांटींकडे वळली. वेलांटींच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला काळजी म्हणता आलं नसतं. बाईंच्या मते ते लाजले होते.

अधिकाऱ्यांनी शब्दकोश मागवून घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "ठराव लिहिणाऱ्याचं म्हणणं उद्या ऐकू."

संध्याकाळी बाई टेकडी चढून वेलांटींच्या घरी आल्या. चहा पुढे आला. बाईंनी कप हातात घेतला तो उगाच.

"उद्या उभं राहायचं आणि सांगायचं, हात चुकला."

"हात चुकलेला नाही."

"माहितीये मला."

"मी विचार करून लिहिलंय."

"तेही माहितीये. म्हणून तर एवढी चढण चढले."

वेलांटींनी आपला कप बाजूला सरकवला. "बाई, एक सांगू? त्या माणसाने ठराव शेवटपर्यंत वाचला. इतकी वर्षं मी लिहितोय, सभासद हात वर करतात आणि चहाकडे बघतात. पहिल्यांदा कुणीतरी क्रियापदापर्यंत पोचलं."

"तार उतरवायला पोचला तो."

"पोचला पण."

आतल्या खोलीचं दार उघडून मुलगी बाहेर आली. "मोठ्या दवाखान्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "तार उतरली तर पुढच्या महिन्यापासून तिकडे येऊन बसा म्हणतात. खोली बघायलाही सांगितलंय."

वेलांटींनी बशी उचलली आणि रिकामी आहे हे बघून ठेवली.

"म्हणून म्हणते," बाई म्हणाल्या, "एक काना आहे. एका मात्रेने 'लावावे' होतं. लेकीसाठी एवढं चुकायला काय हरकत आहे?"

"नको," मुलगी म्हणाली. "ते खोटं बोलले तर आयुष्यभर तोंड पाडून बसतील. मी इथे राहिले तर ते तोंड मला बघावं लागेल."

"आणि खरं बोलले तर तू तिकडे, आणि पाडलेलं तोंड माझ्यापुढे," आई म्हणाली. "म्हणजे माझी सुटका कशातच नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. शाळेत फळ्याकडे वळण्याआधी त्या अशाच थांबायच्या.

"मला सरळ सांगा. लिहिताना मनात कुठलं नेट होतं?"

"इंटरनेट. दुसरं कुठलं असणार?"

"आणि पुल्लिंग?"

"मुद्दाम."

"बरं," बाई उठल्या. "मग खरंच बोला. पण थोडक्यात. भाषण नको. तुम्हाला वकिलाशी जिंकायचं नाहीये, हे लक्षात ठेवा. त्याला जिंकू द्या."

"म्हणजे?"

"उद्या कळेल. गृहपाठ मी करते."

वेलांटींना हे काही आवडलं नाही. हरण्यासाठी खरं बोलायचं आणि वर थोडक्यात, या दोन्ही गोष्टी त्यांच्या स्वभावात बसत नव्हत्या. मुलगी पुन्हा आत गेली आणि दार लागलं. ते दाराकडे पाहत राहिले. खोली बघायला सांगितलंय, एवढंच त्यांना ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह आदल्या दिवसापेक्षा भरलं होतं. टेकडीवरचे लोक आलेच होते. शिवाय पायथ्याचेही आले होते, ज्यांना कंपनीचं नेट होतं आणि म्हणून ज्यांच्याकडे वेळच वेळ होता.

वेलांटी उभे राहिले. अधिकाऱ्यांनी विचारलं, हा 'लावावा' म्हणजे लिहिताना झालेली चूक आहे का?

या प्रश्नाला 'हो' म्हणावं आणि बसावं, असं त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं. एक अक्षर. त्यात ना वेलांटी ना उकार. ते अक्षर ओठापर्यंत आलं. मग त्यांना बाईंनी सांगितलेलं आठवलं, आणि खरं सांगायचं तर, समोर वकील शब्दकोश उघडून बसले होते तेही दिसले.

"चूक नाही," ते म्हणाले. "पुल्लिंग मुद्दाम आहे. इंटरनेटलाच उद्देशून आहे."

"हे कसं?" वकील उठले.

"नेट आपल्या घरात आधीपासून आहे. थोरला. हा नवा मागाहून आला, नाव तेच लावतो. मग धाकट्याने थोरल्याचं लिंगही लावायला हवं. एका घरात एका नावाची दोन माणसं दोन तऱ्हेने बोलवायची, हे मला पटत नाही."

"तुम्हाला पटत नाही. लोकांना पटतं?"

"नाही."

"शब्दकोशाला?"

वेलांटींनी उघड्या शब्दकोशाकडे पाहिलं. "अजून नाही."

"म्हणजे ठरावात जो शब्द आहे, त्याचा आज छापील अर्थ एकच. जोर."

"छापील अर्थ एकच," वेलांटी म्हणाले आणि बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते थोडक्यात बोलले होते. मागच्या रांगेतून कुणीतरी सुस्कारा सोडला.

वकिलांनी अधिकाऱ्यांकडे पाहून मान झुकवली. मॅनेजरनी एक फोन खिशात ठेवला.

बाई उठल्या. "साहेब, भूमितीत आम्ही एक करायचो. समोरच्याचं म्हणणं खरं मानायचं आणि त्याच वाटेने चालत कुठे पोचतो ते बघायचं. वकीलसाहेबांचं खरं मानू. ठराव जोर लावण्याचा आहे. पालिकेला मान्य."

वेलांटींनी मान वर केली.

"आता कंपनीची हरकत. त्यांचंच वाक्य आहे. 'सदर ठरावात म्हटल्याप्रमाणे नेट लावण्यास आमची सक्त हरकत आहे.' ठरावात म्हटल्याप्रमाणे. म्हणजे जे नेट ठरावात, तेच हरकतीत. ठरावात जोर असेल तर यांनी जोर लावण्याला सक्त हरकत घेतली. काल वकीलसाहेब म्हणाले की प्रयत्नाला कंपनीचा विरोध नाही. म्हणजे ती हरकतही गेली. राहिलं इंटरनेट. त्याला कंपनीने मुदतीत हरकत घेतलेली नाही."

"पण मग त्याचा ठरावही नाही," वकील म्हणाले.

"नाही ना. ठराव नाही, हरकत नाही. आणि नियमाप्रमाणे साहेबांना अधिकार कशाचा? ठरावावरच्या हरकतीचा निकाल देण्याचा. दोन्ही नसेल तर साहेब इथे दोन दिवस कशासाठी बसलेत? तार उतरवायचा आदेश तुम्हाला हवाय, पण तो द्यायला खुर्चीत कुणीच नाही."

अधिकारी खुर्चीत थोडे वर सरकले.

"आता दुसरी बाजू," बाई म्हणाल्या. "समजा ठराव इंटरनेटचा आहे. मग हरकतही इंटरनेटवर. मग साहेब खुर्चीत आहेत आणि कालचा फोन सगळ्यांनी ऐकलाय. वकीलसाहेब, कुठलं लिंग हवं ते तुम्ही निवडा. पालिकेला दोन्ही चालतात."

हसू आधी मागच्या रांगेत फुटलं आणि पुढे येत गेलं. वकील हसले नाहीत, पण त्यांनी शब्दकोश मिटला तो अगदी हळू, एखाद्या चांगल्या पुस्तकाची वेळ संपल्यासारखा. मॅनेजर त्यांच्या कानाशी लागले. "ते तिसरं काही घेता येत नाही का?" हे सभागृहाला ऐकू गेलं. वकिलांनी विचार करायला मुदत मागितली. अधिकारी म्हणाले, मिळणार नाही.

अधिकाऱ्यांचं त्यामागचं कारण सरळ होतं. आपण दोन दिवस कुठल्याही अधिकाराशिवाय एका सभागृहात बसून होतो, असं स्वतःच्या सहीने लिहून देणारा अधिकारी अजून जन्माला यायचाय. त्यांनी तिथल्या तिथे निकाल सांगितला. ठरावातला नेट हा शब्द, त्याचं लिंग काहीही असलं तरी, इंटरनेट याच अर्थाने वापरलेला आहे आणि कंपनीलाही तो तसाच कळला होता, हे तिच्या हरकतीवरूनच दिसतं. टेकडीवर कंपनीची सेवा उपलब्ध नाही, हे कंपनीनेच फोनवर सांगितलं. हरकत फेटाळली. तार राहील.

लोक बाईंभोवती जमले. वेलांटी आपले कागद गोळा करत असताना वकील त्यांच्याजवळ आले.

"तुमचा ठराव फार सुरेख होता," ते म्हणाले. "मनापासून सांगतो."

"आभारी आहे," वेलांटी म्हणाले. "तुमच्या हरकतीत 'सदर' फार वेळा आलाय."

"माझ्या हाताखालचे लिहितात हो."

"तरी सही तुमची असते."

वकिलांनी हे मान्य केलं. दोघे जिन्यापर्यंत बरोबर चालत गेले. 'सदर'ला पर्याय काय, यावर त्यांचं तिथे उभ्याउभ्या बराच वेळ चाललं होतं, आणि मॅनेजर खाली गाडीत वाट पाहत बसले होते.

वेलांटी घरी पोचले तेव्हा मुलगी फोनवर होती. "नाही, येत नाही," ती म्हणत होती. "हो, कायमची इथेच. नक्की. तुम्ही खुशाल दुसऱ्या कुणाला ती जागा द्या." तिने फोन ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. बातमी त्यांच्याआधी टेकडीवर पोचली होती, त्यामुळे सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

"बाबा, तुमची खोली मला हवीय."

"माझी?"

"कायमचं राहायचं तर नीट सोय नको का? फोटो वाचायला अंधार लागतो. माझ्या खोलीत दिवसभर ऊन असतं, पडद्यावर काही धड दिसत नाही. तुमची बरी अंधारी आहे."

"अंधारी कुठे? मी तिथे वाचतो."

"म्हणूनच चष्म्याचा नंबर वाढतोय," आई म्हणाली. तिने पलंगाची एक बाजू धरलीसुद्धा होती. "उचला हो तिकडून. असे बघत काय बसलात?"

वेलांटींनी आधी पुस्तकं बाहेर काढली, मग शब्दकोशाचे खंड एकेक करून आणि मग पलंग उचलला. तो दारातून तिरका करून अर्धा बाहेर आला होता इतक्यात आतून मुलगी म्हणाली, "एक मिनिट. तातडीचा आलाय. छातीचा आहे." तिने टेबल भिंतीला सरकवलं, स्क्रीन लावला आणि दिवा मालवला. दार लावता येईना, कारण पलंग दारात होता. तेव्हा ती नुसतंच म्हणाली, "बोलू नका हं."

आई एका बाजूने आणि वेलांटी दुसऱ्या बाजूने, पलंग हातावर तोलून दोघं तसेच उभे राहिले. आत कुणाच्या तरी फासळ्या स्क्रीनवर उमटल्या होत्या आणि मुलगी त्यांच्यावरून बोट फिरवत एकेक वाचत होती. पलंग जड होता. वेलांटींनी नेट धरला.